पानथरी : काढावी की राखावी?

सन 1867 मधील सप्टेंबर महिन्याची 6 तारीख. पॅरिस शहरात झ्यूल एमिल पेआँ या शल्यविशारदासमोर एक वीस वर्षांची तरुणी शस्त्रक्रियेसाठी आणली गेली होती. तिचे पोट फुगले होते आणि आत द्रवाने भरलेली मोठी गाठ आहे, हे बाहेरून हाताला कळत होते. अशी गाठ बहुधा स्त्रीच्या बीजकोशाची असते. त्या काळी बीजकोशाच्या गाठी पोट उघडून काढण्याचे धाडस काही मोजके शल्यविशारद करू लागले होते आणि पेआँ त्यांपैकी एक होता. त्याने त्याच समजुतीने पोट उघडले. आत दिसले ते निराळेच. गाठ बीजकोशाची नव्हती, ती डाव्या बरगड्यांखाली असणाऱ्या पानथरीतून वाढलेली होती.

पेआँपुढे त्या क्षणी दोन वाटा होत्या. पोट तसेच शिवून टाकावे, अथवा गाठीसह पानथरी काढून टाकावी. दुसऱ्या वाटेवर आधी गेलेल्यांचा अनुभव भयंकर होता. 1826 साली जर्मनीतील रोस्टोक येथे क्विटेनबाऊम याने एका तरुण स्त्रीची पानथरी काढली होती, ती काही तासांतच दगावली. 1855 साली डार्मस्टाट येथे क्यूख्लर याने तोच प्रयत्न केला, त्याचाही शेवट तसाच झाला. 1865 साली लंडनमध्ये सर स्पेन्सर वेल्स यांच्यासारख्या अत्यंत कसबी शस्त्रवैद्यालाही आपला रोगी वाचविता आला नव्हता. हे ठाऊक असूनही पेआँने पानथरी काढली, आणि ती तरुणी जगली. पानथरी काढूनही रोगी बरा झाल्याचे युरोपीय शल्यशास्त्राच्या इतिहासात निर्विवाद मानले गेलेले हे पहिले मोठे उदाहरण होय. ते पानथरीतील द्रवाच्या गाठीचे होते, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या एका यशाने एक दार उघडले. परंतु त्या दारातून पुढे गेलेल्या शल्यशास्त्राला, ज्या अवयवाला आपण निरुपयोगी म्हणून टाकून देत आहोत त्याची खरी किंमत काय, हे कळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

पानथरी म्हणजे संस्कृतातील प्लीहा. पोटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, जठराच्या मागे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आश्रयाने ती असते. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन अवघे दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि ती बोटांनी चाचपून सहसा लागत नाही. एवढ्याशा या अवयवातून रक्त मात्र अफाट वाहते. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा भाग एकट्या पानथरीतून जातो. तिचे आवरण पातळ व आतील मांस रक्ताने भिजलेल्या स्पंजासारखे नाजूक असते. जखम झाली तर टाके धरत नाहीत, आणि रक्त थांबता थांबत नाही. तिच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील सारे भय या रचनेतून उपजलेले आहे.

प्राचीन वैद्यकाला या अवयवाची ओळख होती. चरकसंहितेत उदररोगांच्या वर्णनात प्लीहोदराचा स्वतंत्र विचार आहे. वाढलेली प्लीहा प्रथम टणक लागते आणि पुढे कासवाच्या पाठीसारखी हाताला जाणवते, हे निरीक्षण त्यात नोंदलेले आहे. ज्याने कधी जुन्या हिवतापाच्या रोग्याचे पोट तपासले असेल, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे पटेल. सुश्रुताने प्लीहोदरावर डाव्या हाताच्या कोपरापाशी शिरावेध करावा असे सांगितले. पोट चिरून प्लीहा काढावी असे मात्र त्या थोर शस्त्रवैद्यानेही सांगितलेले नाही.

ग्रीक व रोमन वैद्यकात प्लीहेचा संबंध काळ्या पित्ताशी आणि म्हणून उदासीनतेशी जोडला गेला. ॲरिस्टॉटलला हा अवयव प्राण्याच्या जीवनास अत्यावश्यक वाटत नव्हता. प्लिनीने धावणाऱ्या माणसाला तो अडथळा करतो अशी समजूत नोंदवून ठेवली. गेलेनच्या नावावर तर ‘गूढाने भरलेला अवयव’ हे त्याचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. अशा रीतीने, कार्य नीट न कळलेला, परंतु त्रास मात्र देणारा अवयव अशी पानथरीची ख्याती झाली. जे कळत नाही ते निरुपयोगी असावे, ही मनुष्यबुद्धीची जुनी खोड आहे.

सोळाव्या शतकातील एक कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. 1549 साली इटलीत झाकारेल्ली नावाच्या एका शस्त्रवैद्याने एका स्त्रीची वाढलेली प्लीहा काढली आणि ती जगली, असे फिओराव्हांती या वैद्याने लिहून ठेवले. पुढील इतिहासकारांना ही कथा संशयास्पद वाटते. काढलेली वस्तू प्लीहा नसून बीजकोशाची गाठ असावी, असा तर्क अनेकांनी केला आहे. तो खरा असेल तर मोठा योगायोगच म्हणावयाचा. एकाने बीजकोशाची गाठ काढून तिला प्लीहा म्हटले, आणि तीन शतकांनंतर पेआँ बीजकोशाची गाठ काढावयास गेला तो त्याला प्लीहा सापडली! सतराव्या शतकात माल्पीघी याने एका कुत्र्याच्या प्लीहेच्या रक्तवाहिन्या बांधून टाकल्या, आणि कुत्रा जगला. प्लीहेवाचून प्राणी जगू शकतो, एवढे यावरून सिद्ध झाले. प्लीहेवाचून तो किती सुरक्षित असतो, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पेआँच्या यशामागे काळही उभा होता. 1846 मध्ये ईथर व 1847 मध्ये क्लोरोफॉर्म आल्यामुळे रोग्याला बेशुद्ध करून सावकाश काम करणे शक्य झाले होते. पेआँ ज्या वर्षी यशस्वी झाला, त्याच 1867 साली जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध होत होते. रक्तवाहिनी पकडून धरणाऱ्या चिमट्यांच्या सुधारणेशी तर पेआँचे स्वतःचेच नाव जोडले गेले आहे. मात्र याहून महत्त्वाचे कारण रोग्याच्या निवडीत होते. आधीच्या अपयशी शस्त्रक्रिया बहुतेक दीर्घ आजाराने जर्जर झालेल्या आणि प्लीहा अवाढव्य वाढलेल्या रोग्यांवर झाल्या होत्या. रक्ताच्या कर्करोगाने प्लीहा वाढलेल्या रोग्यांवर पुढेही असे प्रयत्न झाले आणि रक्तस्रावाने ते रोगी दगावले. पेआँच्या रोगिणीत आजार एका गाठीपुरता होता, बाकीचे शरीर तरुण व धट्टेकट्टे होते.

युरोपात ही उलाढाल चालू असता हिंदुस्थानात पानथरीचा विषय अगदी निराळ्या अंगाने पुढे येत होता. या देशात हिवतापाने वाढलेली पानथरी ही घरोघरची गोष्ट होती. 1845 ते 1847 या काळात यमुनेच्या कालव्यांमुळे काठच्या वस्त्यांत ताप वाढतो की काय, हे पाहण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तिच्यातील डॉक्टर डेम्प्स्टर यांनी गावोगावच्या लोकांची पोटे तपासून किती जणांची पानथरी हाताला लागते हे मोजण्याची युक्ती काढली. तापाचा प्रादुर्भाव आकड्यांत मोजण्याचे हे साधन पुढे साऱ्या जगात हिवतापाच्या मोजणीसाठी वापरले गेले. हिवतापाचा जंतू डासात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत 1897 साली दाखविले, त्याच्या अर्धशतक आधी हिंदी माणसाच्या पानथरीने त्या रोगाचा नकाशा काढून दिला होता.

याच पानथरीने एका अन्यायाला पांघरूणही पुरविले. सुजलेली पानथरी थोड्या माराने फुटते व मनुष्य आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, ही वैद्यकीय वस्तुस्थिती आहे. एखाद्या गोऱ्या साहेबाने नोकराला वा मजुराला मारले आणि तो मेला, की त्याची पानथरीच रोगट होती, मार काही मोठा नव्हता, असा बचाव कोर्टात मांडला जाई. आग्र्याच्या फुलर नामक इंग्रज वकिलाने 1875 साली आपल्या कटवारू या मोतद्दाराला मारले. तो पानथरी फुटून मेला, आणि फुलरला शिक्षा झाली ती अवघ्या तीस रुपये दंडाची. ही शिक्षा इतकी हलकी होती की 1876 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी तिच्याविषयी जाहीर नापसंती नोंदविली, आणि त्यावरून हिंदुस्थानातील गोऱ्या समाजात मोठे वादळ उठले. रोगाने दुबळा झालेला अवयव हा मारणाऱ्याच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरावा, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही. ज्याची पानथरी हाताला लागते अशा माणसाला जपून वागवावे, हा न्याय त्यातून निघावयास हवा होता.

1903 साली पानथरीने वैद्यकाला आणखी एक रहस्य उलगडून दिले. कलकत्त्याजवळील डमडम येथे तापाने आजारी पडून पुढे दगावलेल्या एका सैनिकाच्या पानथरीत लीशमन यांना, आणि मद्रासेत जिवंत रोग्याच्या पानथरीत सुई घालून काढलेल्या द्रव्यात डोनोव्हन यांना, काळा आजाराचे जंतू दिसले. हिंदुस्थानातील वैद्यकाने पानथरीत डोकावून रोग ओळखले. तिला चिरून रोग बरे करण्याचा मार्ग मात्र युरोपीय शल्यगृहांत घडत होता.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे पानथरीतील द्रवाच्या गाठीकडे वळू. वैद्यकात तिला पुटी म्हणतात, रुग्णालयात सर्रास सिस्ट हा शब्द ऐकू येतो. पातळ भिंतीची पिशवी आणि तिच्यात साठलेला द्रव, असे तिचे स्वरूप असते. बर्लो याने 1790 साली शवविच्छेदनात पानथरीतील जंतुजन्य पुटीचे वर्णन केले, तर आंद्राल या फ्रेंच वैद्याने 1829 साली जंतूशी संबंध नसलेल्या पुटीची नोंद केली. पुढे जसजशा नोंदी वाढल्या तसतसे वर्गीकरणही आले. 1913 साली फाउलर याने आणि 1958 साली मार्टिन याने या गाठींची मांडणी केली. तिचा सारांश असा की पुट्या दोन जातींच्या. ज्यांच्या भिंतीला आतून पेशींचे अस्तर असते त्या खऱ्या, आणि ज्यांना असे अस्तर नसते त्या खोट्या. खऱ्यांपैकी काही जन्मजात दोषातून होतात व लहान मुलांत किंवा तरुणांत आढळतात. काही जंतुजन्य असतात. खोट्या पुट्या बहुधा जुन्या माराचे फळ असतात. सायकलवरून किंवा झाडावरून पडून डाव्या बरगड्यांना मार लागतो, आत थोडे रक्त साकळते, मनुष्य तो प्रसंग विसरूनही जातो, आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी त्या रक्ताच्या जागी द्रवाची गाठ उभी राहते.

जंतुजन्य पुटीची कथा निराळी. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक पट्टकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती गवतावाटे मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. कापलेल्या मेंढीचे ते अवयव कुत्र्याने खाल्ले की चक्र पुरे होते. माणूस या चक्रात चुकून सापडतो. न धुतलेल्या हातातून किंवा भाजीतून अंडी त्याच्या पोटात जातात. गाठ बहुधा यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात. पानथरीत ती क्वचितच होते. परंतु जेथे शेळ्यामेंढ्या आणि कुत्री माणसांच्या संगतीत वावरतात, अशा भागांत पानथरीतील पुटी दिसताच वैद्याला पहिली शंका या कृमीचीच घ्यावी लागते.

लहान पुटी कित्येक वर्षे मुकाट असते. मोठी झाली म्हणजे डाव्या कुशीत जडपणा वाटतो, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे होते, कधी डावा खांदा दुखतो. खांद्यात काही बिघाड नसतो. पोटाच्या पडद्याला लागलेली कळ त्याच मज्जातंतूंच्या वाटेने खांद्यात जाणवते. खरे भय तीन गोष्टींचे असते. गाठ फुटणे, तिच्यात रक्तस्राव होणे आणि तिच्यात पू होणे.

पेआँच्या नंतरच्या काळात अशा गाठीवर शल्यशास्त्राचे उत्तर एकच होते, ते म्हणजे गाठीसकट संपूर्ण पानथरी काढणे. 1892 साली ब्रेस्लाउ येथे रीग्नर याने मार लागून फुटलेली पानथरी काढून एका मुलाला वाचविले, तेव्हा या उत्तराला आणखी बळ आले. 1916 साली प्राग येथे काझ्नेल्सन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या सूचनेवरून एका रक्तस्रावी विकारात पानथरी काढण्यात आली आणि रोगी सुधारला. काही रक्तक्षयांतही तिच्या छेदनाचा उपयोग झाला. 1911 साली स्वित्झर्लंडचे थोर शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी जखमी पानथरी काढून टाकावी, तिच्या अभावाने कोणतेही अनिष्ट होत नाही, असा निर्वाळा देऊन टाकला. 1909 साली नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पुरुषाचा हा शब्द पुढे दोन पिढ्यांनी प्रमाण मानला.

येथे इतिहासाचा एक विलक्षण विरोध दिसतो. कोखर यांना ते पारितोषिक मिळाले होते गळ्यातील अवटू ग्रंथीवरील कार्याबद्दल. ती ग्रंथीही एके काळी निरुपयोगी समजून समूळ काढली जात असे. आपण ज्यांच्या ग्रंथी समूळ काढल्या ते रोगी पुढे मंद, सुजट आणि निस्तेज झाले, हे खुद्द कोखर यांनीच 1883 साली प्रामाणिकपणे जगापुढे मांडले होते आणि ती पद्धत टाकून दिली होती. एका अवयवाने जो धडा शिकविला तो दुसऱ्या अवयवाच्या बाबतीत त्याच थोर पुरुषाला आठवला नाही. दोष बुद्धीचा नव्हता. अवटूवाचून होणारी हानी सावकाश परंतु सर्वांना आणि डोळ्यांना दिसेल अशी होती. पानथरीवाचून होणारी हानी मात्र दबा धरून बसलेली होती. ती थोड्यांना, वर्षांनंतर आणि एका रात्रीत गाठीत असे. अशा मृत्यूचा धागा जुन्या शस्त्रक्रियेशी जोडावयास कोणी नव्हते.

शंकेचा पहिला स्वर 1919 साली उमटला. मॉरिस आणि बुलक या दोघा संशोधकांनी पानथरी काढलेल्या उंदरांवर प्रयोग करून, असे प्राणी जंतुसंसर्गाला अधिक बळी पडतात, असे दाखविले आणि माणसातही तसे घडत असावे असा इशारा दिला. तो फारसा कोणी ऐकला नाही. 1952 साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या किंग आणि शूमॅकर यांनी पाच अर्भकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जन्मजात रक्तविकारासाठी त्यांच्या पानथऱ्या काढल्या होत्या. शस्त्रक्रिया यशस्वी होत्या, परंतु पुढे त्या बालकांना अत्यंत गंभीर जंतुसंसर्गाने ग्रासले, आणि ती सगळीच काही वाचली नाहीत. आता मात्र जगाचे लक्ष वेधले गेले. ठिकठिकाणच्या वैद्यांनी आपापल्या नोंदी उघडल्या, तेव्हा त्यांतूनही असेच मृत्यू बाहेर येऊ लागले.

त्या आजाराचे चित्र अंगावर काटा आणणारे आहे. सकाळी साधा ताप आणि कसकस वाटते, संध्याकाळी रक्तदाब कोसळतो, आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी धडधाकट माणूस मृत्यूच्या दारी असतो. बहुतेक वेळा न्युमोनियाचा जंतू याला कारण असतो. असा प्रसंग ओढवला तर सुमारे निम्मे रोगी हाती लागत नाहीत. हा धोका लहान मुलांना सर्वांत जास्त, परंतु प्रौढही त्यातून सुटत नाहीत, आणि तो आयुष्यभर राहतो.

याचे कारण पानथरीच्या कामात आहे. रक्त तिच्या अरुंद वाटांतून झिरपत जाते, तेव्हा म्हाताऱ्या रक्तपेशी बाजूला काढल्या जातात. त्याच वेळी रक्तात शिरलेले जंतूही तेथे पकडले जातात. विशेषतः ज्या जंतूंच्या अंगावर गुळगुळीत कवच असते ते इतरत्र सहज निसटतात. त्यांना अडविणारा पहारा पानथरीत असतो, आणि त्यांच्याविरुद्ध लागणारी प्रतिद्रव्येही तेथे जलद तयार होतात. ज्याला दोन हजार वर्षे गूढ म्हटले, तो अवयव म्हणजे रक्ताच्या हमरस्त्यावरची चौकी होती. चौकी उठविली तरी रहदारी चालू राहते. चोर येईल त्या रात्री मात्र तिची आठवण होते.

हे कळल्यावर प्रश्न फिरला. पानथरी कशी काढावी, यापेक्षा ती कशी वाचवावी, हा विचार सुरू झाला. थिओडोर बिलरोथ यांनी 1881 सालीच, डोक्याच्या इजेने मेलेल्या एका रोग्याच्या शवविच्छेदनात पानथरीची जखम पाहून, ही आपोआप भरली असती, असा तर्क केला होता. तो धूळ खात पडला होता. 1968 साली भारतीय बालशल्यविशारद उपाध्याय आणि कॅनडातील सिम्पसन यांनी टोरांटोच्या बालरुग्णालयातील मुलांच्या नोंदींवरून, पानथरीला इजा झालेली कित्येक मुले शस्त्रक्रियेवाचूनही बरी होतात, हे मांडले. उपाध्याय यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतही पानथरीच्या जखमा भरून येत असल्याचे दिसले. कोखर यांच्या आज्ञेला दिलेल्या या आव्हानात एका भारतीयाचा वाटा होता, ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तितकी सांगितली जात नाही.

दुसरे पाऊल ब्राझीलमध्ये पडले. पानथरीला जाणारी रोहिणी आत शिरण्यापूर्वी दोन-तीन फांद्यांत विभागते, आणि प्रत्येक फांदी आपापल्या तुकड्यालाच रक्त पुरविते. शेतातील पाटाचे पाणी जसे प्रत्येक वाफ्याला वेगळ्या दारातून जाते, तशी ही व्यवस्था. एक दारे बांधले तर तेवढाच वाफा कोरडा पडतो. कांपोस क्रिस्तो यांनी या रचनेचा आधार घेऊन पानथरीचा खराब भाग तेवढा कापून बाकीचा राखला, आणि 1962 साली अशा पहिल्या आठ रोग्यांचा वृत्तान्त दिला. लॉस एंजेलिस येथील लिऑन मॉर्गनस्टर्न यांनी हाच मार्ग पुढे नेला आणि 1980 साली जंतुविरहित पुट्यांसाठी अंशतः पानथरी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पेआँच्या शस्त्रक्रियेनंतर 113 वर्षांनी, गाठ जावी पण पानथरी राहावी, असे उत्तर शल्यशास्त्राला सापडले.

आज ध्वनिलहरींच्या तपासणीमुळे आणि सीटी स्कॅनमुळे लहान लहान पुट्याही योगायोगाने दिसतात. दिसली की कापली, असा नियम मात्र नाही. लहान, निरुपद्रवी पुटीवर नुसती नजर ठेवतात. सुमारे पाच सेंटिमीटरहून मोठी, वाढत जाणारी किंवा त्रास देणारी पुटी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सुईने द्रव काढून घेणे सर्वांत सोपे, पण पिशवी तशीच राहत असल्याने ती पुन्हा भरते. पुटीचे बाहेरचे छत कापून ती पोटात मोकळी करणे ही दुसरी पद्धत. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न चिरता, हे काम करता येते हे 1985 सालीच दाखविले गेले होते, आणि 1991 साली पॅरिसमध्ये देलेत्र यांनी संपूर्ण पानथरी दुर्बिणीतून काढली. छत कापण्याच्या पद्धतीतही, आतील अस्तर मागे राहिले तर गाठ पुन्हा होण्याचा संभव बराच असतो. म्हणून पुटी जेथे आहे तो पानथरीचा तुकडाच तिच्यासकट काढणे हा अधिक खात्रीचा मार्ग ठरतो. निदान एक चतुर्थांश पानथरी आपल्या रक्तपुरवठ्यासह शिल्लक राहिली तर तिचा पहारा पुष्कळसा कायम राहतो, असे सामान्यतः मानले जाते. पुटी अगदी मध्यभागी, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी असेल किंवा तिने सारी पानथरी व्यापली असेल, तर मात्र संपूर्ण छेदनावाचून गत्यंतर नसते.

कृमिजन्य पुटीत सावधगिरी आणखी वाढते. तिच्यातील पाणी पोटात सांडले तर कृमीची बीजे विखुरतात आणि जागोजाग नव्या गाठी उगवतात. शिवाय त्या पाण्याच्या वावड्याने रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच अत्यवस्थ होऊ शकतो. यास्तव भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या घड्या रचून, कृमिनाशक औषधाचे कवच देऊन, गाठ न फोडता काढण्याची खबरदारी घेतात.

ज्यांची पानथरी काढणे अटळ असते, त्यांच्यासाठीही आजचे वैद्यक हात बांधून बसलेले नाही. न्युमोनियाच्या जंतूविरुद्धची लस अमेरिकेत 1977 साली वापरात आली. आज ती, मेंदूज्वराच्या जंतूविरुद्धची आणि हीमोफायलसविरुद्धची लस, शक्य असल्यास शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी देतात. लहान मुलांना बराच काळ पेनिसिलिनही देतात. याहून महत्त्वाचे ते रोग्याने स्वतः लक्षात ठेवावयाचे असते. पानथरी नसलेल्या माणसाने साध्या तापालाही साधे समजू नये. त्याच दिवशी, त्याच घटकेला वैद्य गाठावा आणि आपली पानथरी काढलेली आहे हे त्याला प्रथम सांगावे. हिवतापाच्या मुलखात तर हे भान दुप्पट हवे, कारण पानथरीवाचून तो तापही अधिक उग्र रूप घेऊ शकतो. पुष्कळ घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अपघातात पानथरी गमावलेला एखादा मनुष्य असतो. तो व्रण त्याच्या पोटावर दिसतो, पण त्याचा अर्थ घरातल्यांना ठाऊक नसतो. तो ठाऊक करून घेणे ही त्या घराची जबाबदारी होय.

पेआँने 1867 साली जे केले त्यात चूक नव्हती. त्याच्या हाती असलेल्या साधनांनी त्या तरुणीचा जीव वाचविण्याची दुसरी वाट नव्हती. चूक झाली ती पुढे, एका प्रसंगीचे धाडस हा सर्व प्रसंगांचा नियम ठरला तेव्हा. रोगी टेबलावरून जिवंत उठला म्हणजे सारे साधले, असे शल्यशास्त्र दीर्घकाळ समजत राहिले. दहा वर्षांनी एका रात्री त्याच रोग्याला आलेला ताप कोणी मोजला नाही. पाच अर्भकांच्या नोंदी कोणीतरी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा तो हिशेब सुरू झाला. पानथरीची गाठ काढताना आज जो तुकडा जपून मागे ठेवला जातो, त्याच्यामागे त्या बालकांचे ऋण आहे.